कानामागची नळी

लेकीच्या डोक्यात पाणी साचायचं, म्हणून नगरच्या डॉक्टरांनी कातडीखालून पोटापर्यंत नळी बसवली. जखम भरली, आता तेल लावा म्हणाले. तरी टाळू भरायला माझा हात धजेना. माहेर दूर नांदेडकडं, विचारू कुणाला?

तपासणीच्या रांगेत शेजारी शेवगावची एक बाई होती. माझं ऐकून तिनं डोक्यावरचा पदर सारला आणि माझी बोटं स्वतःच्या कानामागं नेली. तिथं तशीच नळी लागली.

"पाळण्यात हुते तवापास्नं हाय. हिच्यासंगट नांदले, दोन लेकरं झाली. अन् तू तेलाला भ्येतीस व्हय गं?"

माझ्या बोटांना तिच्या केसांचं तेल लागलं होतं. तेवढंच मी लेकीच्या टाळूला लावलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, पण रोज तेलाची वाटी उचलताना आधी तिला हात जोडते.