बरी झाल्याची बातमी

डाव्या डोळ्याला अंधुक दिसायला लागलं तेव्हा मी आधी चष्म्याच्या दुकानात गेले. तिथून डोळ्यांचे डॉक्टर, मग एमआरआय आणि शेवटी पुण्यातले मेंदूविकाराचे डॉक्टर. त्यांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच नसांच्या आवरणावर उठते. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. इंजेक्शनं घेतली तर पुढचे झटके कमी होतात. त्यांनी एक पुस्तिकाही दिली. लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी, म्हणजे मीच, ती पर्समध्ये टाकली आणि घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ बघत बसल्या. व्हिडिओतला माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणत होता, कायमचा बरा होतो.

टाकव्याच्या नणंदेनं एका वैदूची पावडर आणून दिली. "घ्या वयनी, लय जनांना गुण आलाय." तीन आठवड्यांत डोळा निवळला. इंजेक्शन मी सुरूच केलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, पण मी सगळं श्रेय कावळ्याला देऊन मोकळी झाले. वर्गात मात्र मुलांना बजावायची, एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नका.

एवढ्यावर थांबले असते तर नुकसान माझं एकटीचं होतं. डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेली पवनानगरची एक तरुण सून मला भेटली होती. तिलाही हाच आजार, पायांना मुंग्या. तिची इंजेक्शनं चालू होती. मी आपणहून तिला फोन केला. म्हटलं, मी ठणठणीत झाले, तू कशाला त्या सुया टोचून घेतेस?

ती म्हणाली, "तुमी शाळंच्या बाई. तुमी खोटं कशाला सांगाल?"

पावडरही मीच पाठवली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

सात महिन्यांनी शाळेचा जिना चढताना माझा उजवा पाय उचलेना. डॉक्टर रागावले नाहीत. डोळा आपोआपच निवळला असता, एवढंच म्हणाले. घरी येऊन मी ती पुस्तिका पहिल्यांदा वाचली. हे सगळं तिच्यात होतं, साध्या मराठीत.

सलाइनमधून औषधं घेऊन पाय जरा सावरला, तशी मी जीपनं पवनानगरला गेले. ती भिंत धरत धरत दारापर्यंत आली. महिन्यापूर्वी तिला दुसरा झटका आला होता. इंजेक्शनं तिनं फोननंतर लगेच सोडली होती. मी समोर बसून सांगितलं, पावडरीनं मी बरी झालेच नव्हते.

"मंग माजं पाय पयल्यावानी व्हतील का?"

गोड बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं. "थोडं सुधारेल," मी म्हटलं, "सगळं परत येईलच असं नाही." इंजेक्शनं चालू असती तर झटका आलाच नसता, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाहीत. पण त्या वाक्याआड लपायचा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर.

ती भिंत धरून उठली.

"डाक्टरकडं जाते मी," ती म्हणाली. "पन तुमच्यासंगं न्हाई."