मशरूमला हळद-कुंकू

माझ्या हातानं आजवर तुळशीखेरीज काही उगवलं नाही, आणि त्या तुळशीलाही पाणी आमचे हेच घालतात.

तरी यंदा उन्हाळ्यात मोबाइलवर एका बाईंचं बघितलं आणि मी पेटले. मशरूमची छत्री कागदावर ठेवली, की सकाळपर्यंत खाली बारीक भुकटी पडते. तेच त्याचं बी! ते पाण्यात कालवायचं, उकडून निथळलेल्या भुशात मिसळायचं, पिशव्या भरून अंधारात ठेवायच्या. इतकं सोपं, की बी पडायच्या आधीच मी मंद्रूपला थोरल्या जाऊबाईंना फोन लावला.

"अक्का, महिनाभरानं जेवायला या. घरच्या मशरूमची भाजी करते."

"तू? तुझ्या दारात गवत बी उगवत न्हाय की गं!"

झालं! प्रश्न आता भाजीचा राहिला नाही, अब्रूचा झाला.

सात रस्ता चौकातल्या बाजारातून ताजे मशरूम आणले. (हे लांबूनच म्हणाले, "माझ्या ताटात वांगं वाढ.") बी पाडलं, पिशव्या भरायला घेतल्या. आता नवं काम म्हटल्यावर हात गप्प बसतोय होय? नव्या गाडीला, शिलाई मशीनला आपण हळद-कुंकू लावतोच की! पण पीक येणार आतून, वरून बोट टेकवून काय उपयोग? म्हणून भुशातच चांगली मूठभर हळद मिसळली. कुंकू तेवढं पिशवीवर लावलं आणि सगळं पलंगाखाली सरकवलं.

पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. पिशव्या ढिम्म! मी रोज पलंगाखाली वाकायची आणि हे वरून विचारायचे, "झालं का दर्शन?"

महिना भरला आणि अक्का हजर! पाणीसुद्धा न पिता त्यांनी पिशवी ओढून उघडली.

"हळद घातलीस व्हय गं हिच्यात?"

"शुभ असते ना, अक्का."

"लोणच्यात हळद कशापायी घालतीस?"

"बुरशी धरू नये म्हणून."

"आन् मशरूम काय असतंय?"

बुरशीच की! चाळीस वर्षं लोणची घालतेय हो मी!

अक्का हसून हसून घामाघूम झाल्या आणि कूलरसमोर जाऊन बसल्या. "आगं, ह्यातनं वारंच येईना की!"

"चार दिवस मी तेच सांगतोय," म्हणत ह्यांनी कूलरची मागची जाळी काढली आणि तसेच उभे राहिले. ओल्या गवतावर पांढऱ्या छत्र्यांची ही झुंबड!

"बियांचं पाणी कुठं ओतलंस?" ह्यांनी विचारलं.

"उरलेलं होय? मोरीत टाकवेना," मी पदराशी चाळा करत म्हणाले, "म्हणून कूलरच्या टाकीत…"

"आधी उपटून टाक ते सगळं!"

"खबरदार हात लावाल तर! अक्का, बघा, उगवलं का नाही?"

"लई उगवलंय बाई," अक्कांनी हात जोडले. "पर कूलरातलं खाणार कोण?"

खरंच, खायचं धाडस माझंही झालं नाही. पण उपटायचंही मन होईना. शेवटी मी पिठलं-भाकरी वाढली आणि सोलापूरच्या त्या मे महिन्यात, भर दुपारी, पुठ्ठ्यानं अक्कांना वारा घालत बसले. कूलर चालूच होता. बंद केला असता तर माझं आयुष्यातलं पहिलं पीक सुकलं असतं!