टेकडीवरचा जाम आणि माझे चार डबे

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझी फार कीव करू नका.

सिंगापुरात बुकित पंजांगला चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. नवरा सकाळीच हार्बरफ्रंटच्या ऑफिसला निघून जायचा, मुलगी शाळेत, आणि मी नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर घरी बसून भिंतींशी भांडायची. बुकित म्हणजे टेकडी. तसं टेकडी म्हणावं असं काही तिथे उरलं नव्हतं. ब्लॉकच्या, म्हणजे आमच्या इमारतीच्या, मागे एक उतार तेवढा होता आणि त्या उतारावर एक म्हातारं जामाचं झाड. मी अलिबागची. जाम दिसल्यावर मला राहवतंय होय! पहिल्याच आठवड्यात खाली पडलेला एक उचलला, ओढणीला पुसला आणि तोंडात टाकला.

तिथल्या बाजारातले जाम लालभडक, मुठीएवढे, आणि चवीला नुसतं पाणी. हा लहानसा होता, पांढरट हिरवा, देठाकडे जरासा गुलाबी. दात लागला आणि गुलाबपाण्याचा वास थेट नाकात गेला. असा जाम मी अलिबागलाही खाल्ला नव्हता.

"ए गर्ल! न धुताच खातेस?"

मागे वळून पाहिलं तर डोक्याला रुमाल बांधलेली, सत्तरीची एक मलय बाई कमरेवर हात ठेवून उभी. आमच्याच ब्लॉकमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तिथे सगळे तिला मकचिक म्हणत, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणायला लागले. तिशी उलटलेल्या मला ती शेवटपर्यंत 'गर्ल'च म्हणत राहिली. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं. तिचं तिच्या पद्धतीनं मोडलेलं, माझं माझ्या.

तिचं गाव याच टेकडीवर होतं. घरटी एक जामाचं झाड, आणि सगळी एकाच जातीची. हे झाड तिच्या आईच्या अंगणातलं. गाव उठलं, माणसं ब्लॉकमध्ये आली, झाडं गेली. हे उतारावर होतं, कुणाच्या आड येत नव्हतं, म्हणून वाचलं. आता तिथे गाड्यांसाठी इमारत होणार होती. लिफ्टशेजारी नोटीस लागली होती. दोन महिन्यांत झाड तोडणार.

"बी लावून पाहा ना," मी म्हटलं.

तिने एक जाम हातानं फोडून दाखवला. आत पोकळ, बीच नाही. फांद्या तोडून तिने पाण्यात ठेवून पाहिल्या होत्या, त्या सडल्या. मग ती हळूच म्हणाली, "आई गेली, घर गेलं, गाव गेलं. मी काही बोलले नाही. पण हे गेलं तर याची चव मी कुणाला कशी सांगू?"

मला भडभडून आलं. आणि भडभडून आलं की मी नको ते बोलून बसते. म्हटलं, "माझ्या बाबांची नर्सरी आहे. मी गुटी बांधते, फांदीला झाडावरच मुळं फुटतात, मग कापून लावायची. एक सोडून चार झाडं देते तुम्हाला!"

आता खरं सांगते. बाबांची नर्सरी होती, हे खरं. पण कलमाची सुरी त्यांनी माझ्या हातात कधी दिली नव्हती. ती त्यांच्याच कमरेला. "बाय, तू सुतळी धर," एवढंच. दहा वर्षं मी सुतळी धरली. पण बघून-बघून माणूस शिकतोच की, असा माझा समज. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

फोनकार्ड आणून बाबांना फोन लावला. ते इतके खूश झाले की मला ओशाळल्यासारखं झालं. "पेन्सिलीएवढी जाड फांदी बघ. बोटभर रुंदीची साल गोल काढ. आतला चिकट थर खरवडून टाक, दया करू नकोस. वर ओली माती नि काथ्या, त्यावर फडकं, सुतळीनं घट्ट बांध. आणि गुटीच्या डोक्यावर मडकं टांग. बुडाला भोक, भोकात वात. थेंब-थेंब पाणी पडत राहिलं पाहिजे. मडकं विसरलीस तर गुटी मेली म्हणून समज."

मडकं कुठून आणू? मुलीच्या दुधात घालायच्या चॉकलेट पावडरीचे चार रिकामे डबे होते. बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, पूजेच्या कापसाच्या वाती वळून त्यात बसवल्या. माझं मलाच कौतुक वाटलं. स्वयंपाकघरातली सुरी आणि एक स्टूल घेऊन आम्ही दोघी उतारावर गेलो. मी साल काढत होते आणि मकचिक सुतळी धरून होती. चार फांद्या, चार गुट्या, वर चार डबे.

"इथे रोज पाऊस पडतो," मकचिक म्हणाली. "डबे कशाला?"

"माझ्या बाबांनी सांगितलंय," मी म्हटलं.

मुलगी शाळेतून आली, डब्यांकडे बघून म्हणाली, "Mama, cannot lah! टीचर म्हणते पाणी साठवायचं नाही. मॉस्किटो!"

"तुझ्या टीचरला कलम बांधता येतं का?" मी म्हटलं. "नाही ना? मग गप्प बस आणि अभ्यास कर."

दोन दिवसांनी पाहिलं तर अगदी खालच्या फांदीवर पाचवं गाठोडं. मकचिकनं स्वतःच बांधलं होतं. नारळाचा काथ्या, वर पावाच्या पिशवीचं प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना जुन्या सारोंगच्या, म्हणजे तिच्या लुंगीच्या, पट्ट्या. डबा नाही, काही नाही. मला इतकं हसू आलं! दुखऱ्या बोटाला बांधावं तसं दिसत होतं ते. "मकचिक, प्लॅस्टिकमध्ये गुदमरून मरेल ती," मी म्हटलं. ती म्हणाली, "मरू दे. माझं मन राहील."

रोज सकाळी मी स्टुलावर चढून डबे भरायची. दर रविवारी बाबा विचारत, "मुळं आली का?" आमचं बोलणं इतकी वर्षं तब्येत, हवामान आणि फोन ठेवते यापलीकडे जात नव्हतं. आता ते मला फांदीचा रंग विचारत, मी सांगत असे. त्या चार गुट्यांनी मला माझा बाप पुन्हा दिला होता, असं मला वाटायचं. म्हणूनही त्या जगायला हव्या होत्या.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी खालून धातूचा खडखडाट ऐकू आला. गॅलरीतून पाहते तर झाडाखाली डासांची तपासणी करणारा एक माणूस आणि सफाई कामगार. माझे डबे खाली पडलेले. मी चपला न घालताच धावले. डब्यांबरोबर चारही गुट्या फांदीसकट कापून काळ्या पिशवीत टाकलेल्या.

मी जी सुरू झाले! इंग्रजी संपलं, हिंदी संपलं, मग शुद्ध मराठीत. तुम्हाला झाड कळतं का, मुळं कळतात का, हात कसा उचलला! तो माणूस शांतपणे ऐकत होता. माझा श्वास संपला तेव्हा त्याने एक डबा उचलून माझ्यापुढे धरला आणि आत बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. एक-दोन नव्हे, बुजबुजलेल्या. त्या महिन्यात आमच्या ब्लॉकमध्ये दोघांना डेंग्यू झाला होता. त्यातली एक सहाव्या मजल्यावरची मुलगी, माझ्या मुलीच्याच वर्गातली. तो म्हणाला, "मॅडम, पाणी तुम्हीच भरत होतात?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार!

ते गेल्यावर पिशवीतून एक गुटी काढून सोडली. आत पांढरी, दोऱ्यासारखी मुळं फुटली होती. आणखी आठ-दहा दिवस मिळते तर झाडं झाली असती. रोज संध्याकाळी पाऊस पडणाऱ्या गावात मी अलिबागच्या कोरड्या हिवाळ्यातलं मडकं टांगलं होतं, आणि मकचिकला सोडा, सात वर्षांच्या पोरीलाही जे कळत होतं ते मला कळलं नव्हतं. मी तिथेच मातीत बसून रडले.

मकचिक आली.  तिने माझ्याच ओढणीनं माझं नाक पुसलं आणि माझा हात धरून झाडाच्या पलीकडच्या बाजूला नेलं. तिच्या गाठोड्यावर डबा नव्हता, म्हणून ते कुणाला दिसलंच नव्हतं. प्लॅस्टिकच्या आतून मुळं बाहेर बघत होती. चांगली जाड, तपकिरी, एकात एक गुंतलेली.

"गुदमरली नाही," ती म्हणाली, आणि मग मात्र खळखळून हसली.

झाड तोडायला आठवडा उरला होता तेव्हा आम्ही ती फांदी कापली आणि कुंडीत लावली. वर्षभर ती मकचिकच्या दारात होती, मग ब्लॉकजवळ रहिवाशांची बाग झाली तिथे जमिनीत गेली. फांदी कापली त्या रविवारी बाबांनी विचारलं, "मुळं आली का?" मी म्हटलं, "आली." कुणाच्या गुटीला, ते सांगितलं नाही. बाबा अलिबागभर सांगत सुटले, माझ्या मुलीनं सिंगापुरात कलम बांधलं.

तीन वर्षांनी आई-बाबा आमच्याकडे आले. जाम पहिल्यांदाच भरभरून लागले होते. बाबांना बागेत घेऊन गेले तर मकचिक आधीच हजर. बाबांनी एक जाम तोडला, वास घेतला, खाल्ला आणि डोळे मिटून उभे राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास!"

मकचिकला शब्द कळला नाही, पण हात कळला. ती ताडकन म्हणाली, "नो, नो! तिच्या चार मेल्या. ही माझी!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या?"

मी काहीही सांगू शकले असते. त्या दोघांच्या मध्ये भाषा फक्त माझ्याकडे होती. तोंडाशी आलंही होतं, की त्या म्हणतायत झाड छान झालंय. पण मकचिक माझ्याकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. डबे, अळ्या, सहाव्या मजल्यावरची मुलगी, पावाची पिशवी, आणि दर रविवारचं माझं खोटं. सांगताना मी खाली मातीकडेच बघत होते.

बाबांनी झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मडकं मी सांगितलं. इथे पाऊस किती पडतो, हे मी विचारलंच नाही. दहा वर्षं तुला सुतळी धरायला लावली, सुरी कधी दिली नाही. पोरीचा हात कापेल म्हणायचो. खरं म्हणजे माझ्याच जिवाला ती सोडवत नव्हती."

त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली सुरी काढली. तीच. मूठ पार गुळगुळीत झालेली. माझ्यासाठी आणली होती, बॅगेत कपड्यांच्या तळाशी घालून. ती उघडून त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "त्यांना विचार, प्लॅस्टिक आहे का."

मकचिकनं झोळीतून पावाची रिकामी पिशवी काढली. मी फांदी निवडली, साल काढली, चिकट थर खरवडला. दया केली नाही. मकचिकनं काथ्या लावून पिशवी गुंडाळली.

आणि बाबा, पंच्याहत्तरीचे माझे बाबा, माझ्याशेजारी वाकून सुतळी धरून उभे राहिले.