फाटकावरचं नाक

सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी मामा फळीवरचे तीन डबे एकामागून एक उघडून हुंगत. एकात चहापत्ती, दुसऱ्यात लवंगा, तिसऱ्यात साबणाची वडी. गवयाने सूर लावून पाहावा तसं ते डोळे मिटून पाहत. मामी मागून म्हणत, "झाली हजेरी? मग डब्यांची झाकणं नीट लावा. काल लवंगा सादळल्या."

साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांचं हेच काम होतं. वडीत सुगंध कमी पडला की यंत्राच्या आधी मामांना कळे. रविवारी मात्र ते फुटबॉलच्या मैदानावर असत. तरुणपणी लाइन्समन होते. हातात झेंडा घेऊन रेषेच्या कडेने धावायचे. एका सामन्यात त्यांनी ऑफसाइड दिला आणि प्रेक्षकांतून बिअरची बाटली आली. कपाळाला सात टाके पडले. त्या वर्षी क्लबने नियम केला: बाटली आत येणार नाही आणि प्यालेला माणूसही येणार नाही. नियम झाला, पण तो पाळून घ्यायला नाक हवं होतं. ते गावात एकच होतं.

मग दर रविवारी फाटकावर मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी तोंड उघडून उभी राहू लागली. मामा म्हणायचे, "हाऽ करा." समोरचा "हाऽ" करायचा. आत, नाहीतर बाहेर. वाद नाही.

"मामा, कांदा खाऊन आलोय, चालेल ना?"

"कांद्याला बंदी नाही. फक्त शेजारी बसणाऱ्याची परवानगी घ्या."

निवृत्तीनंतर कारखाना सुटला, फाटक राहिलं. रविवारचा शर्ट ते शुक्रवारीच इस्त्री करून ठेवत.

मग त्यांना एक ताप आला. आठवड्याने उतरला. त्यानंतर एका सकाळी मामी बाहेरून आल्या तर घरभर करपल्याचा वास, शेगडीवर दूध करपून काळं झालेलं आणि मामा तिथेच स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"अहो! दूध जळतंय, आणि तुम्ही समोर बसलाय!"

मामांनी पातेल्याकडे पाहिलं. ते दुसऱ्या कुणाच्या घरातलं असावं तसं पाहिलं. मग उठून तिन्ही डबे उघडले. झाकणं लावून म्हणाले, "अगं, कुणाला सांगू नकोस."

डॉक्टर म्हणाले, येईल परत, वाट पाहा. मामांनी अकरा महिने वाट पाहिली. डबे रोज उघडले. आणि रविवारी फाटकावर उभेही राहिले.

त्यांनी एक युक्ती काढली होती. "हाऽ" झालं की ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "आज कोण जिंकणार?" शुद्धीतला माणूस म्हणायचा, "बघू," किंवा "बरोबरीत सुटली तरी पुरे." प्यालेला छाती काढून सांगायचा, "आपणच! पाच-शून्य! लावता पैज?" वर डोळे बघायचे, पावलं बघायची. अकरा महिन्यांत एक भांडण झालं नाही की कुणाला शंका आली नाही. उलट लोक म्हणायचे, मामांचं नाक म्हातारपणी आणखी तीक्ष्ण झालंय.

मग मुलींच्या संघाचा सामना आला.

बाजारातला टेलर क्लबच्या मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही संघांचे गणवेश शिवायचा. पाठीवरचे आकडे हाताने लावायचा. चहासुद्धा न पिणारा माणूस. त्याची मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा संघात होती. तो उशिरा, धावतपळत आला. डोळे लाल, ओठ एका बाजूला ओघळलेला.

"हाऽ करा, मास्तर. आज कोण जिंकणार?"

"आफनफ फिंकनार," टेलर म्हणाला.

रांग खो-खो हसली. टेलर मान हलवत गालाकडे बोट दाखवू लागला, पण जीभ वळेना. मामा त्याच्या तोंडाशी वाकले. तिथे काहीच नव्हतं. नुसती गरम हवा होती. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, काय म्हणतंय नाक?"

"येतोय वास," मामा म्हणाले.

टेलर भिंतीबाहेर उभा राहिला. उत्तरार्धात त्याच्या मुलीने गोल केला, तो त्याला भिंतीपलीकडच्या आरोळीतून कळला. कुणाचा, ते तिने घरी आल्यावर सांगितलं.

मंगळवारी मामा नवी पँट शिवायला टाकायला टेलरच्या दुकानात गेले. टेलरचा गाल सुजलेला होता. टेबलाच्या काचेखाली दातांच्या दवाखान्याची चिठ्ठी होती, रविवारची तारीख असलेली. दाढ काढण्याआधी दिलेल्या इंजेक्शनने अर्धा चेहरा संध्याकाळपर्यंत बधिर राहिला होता. टेलर प्रत्येक गिऱ्हाइकाला ती चिठ्ठी दाखवत होता. गिऱ्हाईक ती वाचून म्हणत होतं, "असेल, असेल. दाढदुखीवर तेही औषध चालतंच की, मास्तर," आणि डोळा मारत होतं.

"बायको बोलत नाही," टेलर माप घेताना म्हणाला. "म्हणते, मामांचं नाक कधी चुकत नाही. तुमच्या नाकापुढे माझ्या चिठ्ठीची काय पत्रास?"

मामा त्या रात्री जेवले नाहीत. मामींनी ताट झाकून ठेवलं.

"सांगून टाका."

"सांगितलं तर फाटक गेलं."

"आणि नाही सांगितलं तर त्याची अब्रू. तुमचं फाटक मोठं की काय ते तुम्हीच ठरवा. मी झोपते."

पुढच्या रविवारी सकाळी क्लबची सभा होती, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत. विषय एकच, सामन्यात बिअर विकायची का. सेक्रेटरींचं औषधांचं दुकान होतं आणि बोलणं मोजूनमापून. ते म्हणाले, "लोक पितातच. समोरच्या बारमध्ये सामन्याआधी घाईघाईने दोन ग्लास रिचवतात. आत मिळाली तर सावकाश पितील." मुलींच्या कोचबाई म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही सावकाश पिता म्हणून सगळं जग सावकाश पितं का? माझ्या मुली त्या कडेलाच खेळतात." दोघांचंही लोकांना पटत होतं. मामा बंदीच्या बाजूचे, हे कपाळावरच लिहिलेलं होतं. त्यामुळे त्यांना कुणी विचारलं नाही.

मग सेक्रेटरी हसत म्हणाले, "अहो, आता आपले टेलरमास्तरसुद्धा घेऊन येतात. इतका साधा माणूस! मग बंदी उरली कुठे?"

खोली हसली. टेलर भिंतीशी उभा राहून स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

मामा उभे राहिले. "मास्तर प्याले नव्हते," ते म्हणाले. "त्यांची दाढ काढली होती. मला वास आला नाही. मला अकरा महिने झाले, कसलाच वास येत नाही. त्या दिवशी मी खोटं बोललो."

टेलरने मान वर केली.

सेक्रेटरींनी आधी चष्मा पुसला. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे अकरा महिने प्यालेले लोक आत येऊन बसत होते? आणि काही झालं नाही! मामा, तुम्ही तर माझाच मुद्दा सिद्ध केलात."

"थोडे आले असतील," मामा म्हणाले. "ज्यांना धड बोलता येत होतं ते. पण त्यांचे हात रिकामे होते. मला लागली ती दारू नव्हती, साहेब. बाटली होती." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "मला विचाराल तर नकोच. पण माझ्या नाकाचा दाखला कुणीच देऊ नये. ना तुम्ही, ना बाई."

मत घेतलं. पूर्वेकडच्या गॅलरीमागे, सामना सुरू होईपर्यंतच, कागदी पेल्यात मिळेल. मुलींच्या सामन्याला अजिबात नाही. मामांनी विरोधात हात वर केला आणि हरले. मग फाटकाचा विषय निघाला. सेक्रेटरी अवघडून म्हणाले, "आता मामांना तिथे कशासाठी ठेवायचं?"

"नाकाशिवाय अकरा महिने भांडण झालं नाही ना?" कोचबाई म्हणाल्या. "मग माणूस ठेवा, नाक जाऊ द्या."

सगळ्यांनी टेलरकडे पाहिलं. त्याचं म्हणणं आधी घ्यावं, असं कुणी बोललं नाही, पण सगळे थांबले.

"राहू द्या त्यांना," टेलर म्हणाला. "फक्त मास्तर प्याला नव्हता हे त्यांनी फाटकावर सांगायचं. रांगेसमोर."

मामांनी पुढच्या सामन्याला ते सांगितलं, येणाऱ्या प्रत्येकाला, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. काहींना मुळात काही माहीत नव्हतं, त्यांनाही सांगितलं. काही जण हसले. टेलरची बायको मुलीचा हात धरून रांगेत होती, ती हसली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आत गेली.

टेलर महिनाभर मामांशी बोलला नाही. पँट शिवून पाठवली ती अर्धा इंच आखूड निघाली. चुकून की मुद्दाम, हे मामांनी विचारलं नाही. ती पँट ते तशीच घालत, मोजे दिसत असले तरी.

फाटकावर ते आणखी दोन मोसम उभे राहिले. "हाऽ करा" बंद झालं होतं. ते लोकांशी नुसते बोलत. कुणी फारच तर्र असेल तर त्याला बाजूच्या बाकावर बसवून घरची चौकशी करत. सामन्याचा पूर्वार्ध तसाच जाई आणि उत्तरार्धाला माणूस आत जायच्या लायकीचा होई. पूर्वेकडच्या गॅलरीतून कधी आवाज चढला की ते वळून पाहत. बाटली परत आली नाही. कागदी पेला एकदा आला, लाइन्समनच्या पायाशी पडला. मामांनी तो स्वतः जाऊन उचलला आणि क्लबच्या सभेत टेबलावर ठेवला.

वास त्यांना परत आला नाही.

दुसऱ्या मोसमातल्या थंडीत एका रविवारी पहाटे ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले होते, सामन्याची वेळ बदलल्याचं सांगायला. मामांनी त्यांना दारापर्यंत सोडलं, जिन्यातला दिवा लावला आणि वरून म्हणाले, "चारची मॅच ना? मी तीनला येतो. तोवर फाटक कुणी उघडू नका."