पहिला मॉनिटर बरा की दुसरा?

आमच्या बाजारपेठेच्या कोपऱ्यावर चष्म्याचं एक दुकान आहे. पाटीवर मालकाचं नाव चांगलं ठसठशीत रंगवलंय, पण ते कोणालाच ठाऊक नाही. ज्यांना पाटी वाचता येते त्यांना दुकानात जायची गरज नसते, आणि ज्यांना गरज असते त्यांना पाटी दिसत नाही. त्यामुळे सगळे मालकांना नंबरकाका म्हणतात.

वय साठ, बांधा बुटका, आणि कपाळावर सरकवलेला स्वतःचा चष्मा, जो ते दिवसातून चार वेळा टेबलाखाली शोधतात. पस्तीस वर्षं हा माणूस अंधाऱ्या खोलीत, समोरच्याच्या नाकावर ती लोखंडी चौकट अडकवून, एकच प्रश्न विचारत आलाय. "पहिलं बरं की दुसरं?" एवढी वर्षं एकच वाक्य म्हटलं की ते माणसाच्या अंगात मुरतं. नंबरकाका न्हाव्याकडे दोन आरसे धरायला लावतात. टोमॅटो घेताना दोन हातांत दोन टोमॅटो धरून भाजीवालीलाच विचारतात, "पहिला बरा की दुसरा?" त्यांच्या बायकोला आम्ही मामी म्हणतो. मामींचं म्हणणं, "लग्नाआधी पहिल्यांदा मला भेटायला आले, त्या दिवशी माझी बहीण घरात नव्हती हे माझं नशीब."

त्यांची एक चोरयुक्तीही आहे. नंबर काढताना मध्येच ते भिंग काढल्यासारखं करतात, खट्ट असा आवाज करतात आणि तेच भिंग परत बसवतात. मग निरागसपणे विचारतात, "आता? जरा बरं वाटतंय ना?" जो "हो हो, एकदम लख्ख!" म्हणतो, त्याच्या पुढच्या सगळ्या उत्तरांना ते निम्मीच किंमत देतात. मी पहिल्याच भेटीत "लख्ख" म्हटलं होतं. तेव्हापासून हवामानापासून राजकारणापर्यंत माझ्या एकाही मतावर या माणसाचा विश्वास नाही.

आणि दुसरं म्हणजे हातभर अंतर. पुस्तक असो, फोन असो, पडदा असो, डोळ्यांपासून हातभर लांब. रस्त्यात कोणी फोन नाकाला लावून चालताना दिसला तर नंबरकाका थांबून, अनोळखी माणसाचा हात धरून, तो कोपरात सरळ करून देतात. एकदोघांनी हात उचललाही होता, पण तोही हातभर अंतरावरूनच.

अशा माणसाच्या घरात त्यांची भाची राहायला आली आणि तिचा खेळ कुठला, तर संगणकावरचा. नुसता वेळ घालवायचा नव्हे, स्पर्धेचा. पाच जणांचा एक संघ, समोर पाच जणांचा दुसरा, मध्ये भिंती, दारं, जिने आणि बंदुका. बाकीचे चौघे दाराबाहेर दबा धरणार आणि आमची ही पोरगी सगळ्यांत आधी आत घुसणार, असं तिचं काम. आत घुसल्यावर समोरचा दिसायला आणि बोट दाबायला पापणी लवण्याइतकाही वेळ नसतो. घरात ही मुलगी दूध उतू गेलं तरी जागची हलत नाही, हे मामींनी मुद्दाम नोंदवायला सांगितलंय.

मॉनिटर होता तो दुकानात बिलं करायला ठेवलेला जुना. विभागाची मोठी स्पर्धा महिन्यावर आली तेव्हा भाचीने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे काढले आणि जाहीर केलं, "मामा, मला नवा मॉनिटर घ्यायचाय. तुम्ही नुसते सोबत चला. बोलू नका."

नंबरकाका नुसते सोबत गेले. खिशात जवळचं वाचायला लावतात तो बारीक अक्षरांचा तक्ता होता. मीही गेलो, कारण फुकटची करमणूक मी सोडत नाही.

संगणकाच्या दुकानदाराने आम्हाला आधी एका प्रचंड, धनुष्यासारख्या वाकलेल्या पडद्यापुढे उभं केलं. कडेला लाल, निळे, जांभळे दिवे धावत होते. "गेमिंगसाठी याच्यापुढे काही नाही," तो म्हणाला.

"हा वाकलाय," नंबरकाका म्हणाले.

"तशीच फॅशन आहे, काका."

"आमच्याकडे अशी फ्रेम आली तर आम्ही परत पाठवतो."

मग त्यांनी खिशातला तक्ता काढला, प्रत्येक पडद्यावर बारीक अक्षरं उघडायला लावली आणि तक्ता शेजारी धरून हातभर अंतरावरून एकेक तपासत निघाले. शेवटी कार्यालयांसाठी ठेवलेल्या एका मोठ्या मॉनिटरपुढे ते भक्तिभावाने उभे राहिले. "अक्षर बघ! 'क'चं पोट बघ कसं कोरलंय! हाच घ्यायचा."

"मामा, मी तिथे वाचायला जाणारे का?" भाची म्हणाली. "तुमचा तक्ता भिंतीवर गप्प बसतो. माझी माणसं पळतात!"

तिने त्यांना त्या कोरीव अक्षरांच्या पडद्यावर माउसचा बाण गरागरा फिरवून दाखवला. बाण तुटक तुटक उड्या मारत गेला. मग तिने कोपऱ्यातल्या एका लहानशा, काळ्या, मुखदुर्बळ दिसणाऱ्या मॉनिटरवर तेच केलं. तिथे बाण तेलावरून घसरल्यासारखा गेला.

"तो पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, हा दोनशे चाळीस," ती म्हणाली. "समोरचा दाराआडून निघाला की मला तो इथे आधी दिसतो. थोडासाच आधी. पण आमचा सगळा खेळ त्या थोड्यात असतो."

"कोणाला कळतो असा फरक?" नंबरकाकांनी मान हलवली.

"मला."

बस्स. या एका शब्दावर नंबरकाकांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी दोन्ही मॉनिटर शेजारी लावायला सांगितले, पडद्यांच्या कडा कागदाने झाकल्या, भाचीला पाठ फिरवून उभं केलं आणि दुकानदाराच्या कानात काहीतरी कुजबुजले. मग सुरू झालं. "वळ. बाण फिरव. पहिला बरा की दुसरा?" नऊ वेळा विचारलं, नऊ वेळा तिने बरोबर ओळखलं. दहाव्या वेळी त्यांनी खट्ट आवाज करून एकच मॉनिटर दोनदा दाखवला. भाचीने त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सांगितलं, "मामा, तोच आहे. ही फसवणूक पेशंटशी करा."

नंबरकाका माझ्याकडे वळले. "याला म्हणतात डोळे," ते म्हणाले. पुढचं बोलले नाहीत, पण मला समजलं.

काळा मॉनिटर घरी आला. भाचीने तो जोडला, सेटिंगमध्ये दोनशे चाळीस लावलं आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन खेळायला बसली. पहिले चार दिवस ती खोलीतून बाहेर यायची ती उड्या मारतच. जुना मॉनिटर दुकानात बिलं करायला परत गेला.

पुढच्या आठवड्यात मी काडी मोडलेला चष्मा घेऊन दुकानात गेलो, तर नंबरकाकांचा चेहरा उतरलेला.

"पोरीला नंबर आलाय," ते म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"तीच सांगते. मामा, सगळं उशिरा दिसतंय. दारात शिरते आणि आधीच मेलेली असते. तिची ती कप्तान काय म्हणाली माहितेय?" कप्तान म्हणजे बँकेत नोकरी करणारी एक मुलगी, पण आवाज कवायत घेणाऱ्या बाईंचा. "म्हणाली, रविवारी दुपारी शेवटचा सराव सामना. त्यात हाच वेग राहिला तर आत घुसायला राखीव खेळाडू घेणार. म्हणजे दोन वर्षं घासली ती स्पर्धेला बाकावर बसायला."

"मग नंबर काढा की."

"तीनदा काढला!" ते ओरडलेच. "निघतच नाही! शेवटच्या ओळीच्या खाली छापखान्याचं नाव आहे ना, तेही वाचते पोरगी! लाल पाटीवरची अक्षरं दाखवली, हिरव्या पाटीवरची दाखवली, थेंब घालून बघितलं. पस्तीस वर्षांत कोणाचा नंबर न निघाल्याचं मला एवढं वाईट वाटलं नव्हतं."

रविवारी सकाळी माझा चष्मा द्यायच्या निमित्ताने त्यांनी मला घरीच बोलावलं. भाची खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सामन्याला पाच तास उरले होते. "माझाच हात जड झालाय मामी," ती म्हणत होती. "उगाच मॉनिटरवर पैसे घातले. खेळणाऱ्यातच दम नाही तर काच काय करणार?" मामी तिच्या केसांतून हात फिरवत होत्या आणि नवऱ्याकडे असं बघत होत्या, की डोळ्यांचं एवढं कळतं तर काहीतरी करा.

नंबरकाका उठले, दुकानात गेले आणि बिलांचा जुना मॉनिटर काखेत मारून आले. तो नव्याच्या शेजारी लावला, कडांना कागद चिकटवले, भाचीला पाठ फिरवायला सांगितली.

"मामा, आता नको ना!"

"वळ. बाण फिरव. पहिला बरा की दुसरा?"

तिने फिरवला. थांबली. परत फिरवला. "सांगता येत नाही."

"पुन्हा वळ. आता?"

"दोन्ही सारखेच वाटतायत मामा. बघितलंत? माझे डोळेच गेलेत." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी होतो तिथे, म्हणून सांगतो. नंबरकाका एकदम सरळ झाले. कपाळावरचा चष्मा त्यांनी, शोधावा न लागता, पहिल्याच झटक्यात नाकावर घेतला. "रडू नकोस," ते हळू म्हणाले. "तुझ्या जागी हे 'लख्ख'वाले लबाड असते तर मी मानलं नसतं." इथे बोट माझ्याकडे होतं. "पण तू खोटं सांगत नाहीस. खऱ्या डोळ्यांचा माणूस दोन्ही सारखं म्हणाला की त्याचा एकच अर्थ असतो. मी तेच भिंग दोनदा घातलंय."

भाचीने डोळे पुसत सेटिंग उघडलं. तिथे लिहिलं होतं, साठ.

"अहो पण मी पहिल्याच दिवशी दोनशे चाळीस लावलं होतं! कोणी हात लावला याला?"

मामींनी नवऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं. नंबरकाका भिंतीकडे बघत होते, पण तिथे तक्ता नव्हता.

"परवाच्या नव्हे, त्याआधीच्या शुक्रवारी," मामी सावकाश म्हणाल्या, "ही कॉलेजात असताना तुम्ही टेबल कोणाला विचारून मागे ओढलंत?"

"हातभर अंतर नको का?" नंबरकाका पुटपुटले. "नाक चिकटवून बसते पोरगी! टेबल भिंतीला नेलं, तर मॉनिटरची वायर संगणकापर्यंत पोचेना. मग दुकानात जाहिरातींच्या टीव्हीला होती ती जुनी लांब वायर लावली. चांगली आहे वायर. दहा वर्षं चालतेय."

टेबलामागे वाकून बघितलं तर खरंच दहा वर्षांची ती वायर, चष्म्याला गळ्यात अडकवायच्या दोरीने तीन ठिकाणी सुबक गाठी मारून बांधलेली. तिच्यातून तेवढी चित्रं जाईनात म्हणून संगणक कोणालाही न विचारता गुपचूप साठवर आला होता. पोरगी आठ दिवस नव्या मॉनिटरवर जुनाच मॉनिटर बघत होती, आणि मामा तिचे डोळे तपासत होते.

"मामा!" भाची ओरडली. रागावली होती की हसत होती ते तिलाही कळत नसावं. "तीन वेळा थेंब घातलेत माझ्या डोळ्यांत!"

"डोळे स्वच्छ झाले ना?"

"आणि मला वाटलं माझंच काहीतरी संपलं!"

नंबरकाका टेबलाखाली शिरले, गाठी सोडल्या, लांब वायर काढून माझ्या हातात दिली आणि नव्या मॉनिटरच्या खोक्यातली तोकडी वायर जोडली. ती पोचेना. मग त्यांनी टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि खुर्चीच्या दिशेने पुढे ओढलं. वीतभर अंतर उरलं तेव्हा थांबले. रस्त्यातल्या अनोळखी माणसांचे हात सरळ करणारा हा गृहस्थ, त्याने स्वतःच्या हाताने एका पोरीचं नाक पडद्याला नेऊन भिडवलं.

"सामन्यापुरतं," ते म्हणाले. "दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर बघायचं."

"मामा, वीस मिनिटांनी खिडकीबाहेर बघितलं तर गोळी बसेल."

"बरं, मग मेल्यावर बघ."

भाचीने दोनशे चाळीस लावलं, बाण एकदाच फिरवला आणि नुसती "आहा!" म्हणाली.

दुपारी आम्ही तिघे तिच्या पाठीमागे पलंगावर ओळीने बसलो. खेळ मला फारसा कळला नाही. दार यायचं, भाची आत जायची, आणि आपल्याला समोरचा दिसेपर्यंत तो आडवा झालेला असायचा. मामी दर दाराला नवऱ्याचा दंड दाबत होत्या. दोनदा तीही आडवी झाली, आणि दोन्ही वेळा तिने, शहाण्यासारखं, खिडकीबाहेर बघून घेतलं. तासाभराने तिने कानावरचा हेडफोन आमच्यासाठी बाजूला धरला. आतून कवायतीचा आवाज आला, "कुठे होतीस गं आठ दिवस? स्पर्धेत आत तूच जायचं. राखीवला मी कळवते."

भाची खुर्चीसकट गर्रकन वळली आणि मामांच्या गळ्यात पडली. नंबरकाकांचा चष्मा त्यात खाली पडला आणि थेट मामींच्या पायाखाली गेला. काच सुटली.

मामींनी दुकानातून दोन जुन्या फ्रेम आणून त्यांच्यापुढे धरल्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "पहिली बरी की दुसरी?"

नंबरकाकांनी डोळे बारीक करून दोन्ही नीट बघितल्या. चष्म्याशिवाय त्यांना त्यातली एकही दिसत नव्हती. "दुसरी," ते ठामपणे म्हणाले. "एकदम लख्ख."