पाण्यातल्या गावासाठी रुंद भिंग

नाना फोटोग्राफरांच्या एका फोटोत किती माणसं मावत, याचा हिशोब देवालाही लागला नसता. पाचोऱ्याच्या एका लग्नात त्यांनी कोंबडीच्या खुराड्याएवढ्या खोलीत दोन्हीकडची वऱ्हाडं, आचारी, बँडवाले आणि रुसून बोदवडला निघून गेलेले मामासुद्धा एका फोटोत बसवले होते. मामा तर गाडीत होते, असं कोणी म्हणालं की नाना शांतपणे म्हणत, "मी हाक मारली, ते आले. बठ्ठं मावतं भो, हाक मारता आली पाहिजे." आमच्याकडे बठ्ठं म्हणजे सगळं. त्यांची हाक ठरलेली होती: "कडेचे, आत सरका." मी त्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणून यातलं निम्मं तरी खरं धरा.

म्हातारपणी त्यांच्याच नजरेच्या कडा गेल्या. काचबिंदू. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. नाना बांबूच्या नळीतून बघावं तसं जग बघू लागले. समोरचा माणूस दिसे, शेजारचा दिसत नसे. शेजारच्याशी बोलत मात्र असत. तिथे कोणी नसलं तरी.

उरलेल्या नजरेत त्यांना एकच गोष्ट बघायची होती: आपलं गाव, एका फोटोत, सगळंच्या सगळं. गाव धरणाखाली गेलेलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. बुडालेल्या गावाला नावाने हाक मारली तर ते ओ देतं, असं नाना म्हणत, आणि मी ते कधी तपासायला गेलो नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडत, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावची माणसं आपापल्या उंबऱ्यावर पितरांची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवायला येत.

आम्ही जळगावला जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. शेठनी आधी भारीतलं भिंग काढलं. "नाना, हे अंधारातही काढतं. फोकस आपोआप."

"डोंगर काय पळी जाई का शेठ? देखाव्याला घाई नसते. कॅमेरा स्टँडवर ठेवू, भिंगाचं छिद्र लहान करू, फोकस हाताने करू. ज्याची गरज नाही त्याचे पैसे कशाला?"

"मग मोबाइल फिरवत फिरवत काढा. फुकट."

"त्यात चालता माणूस दोनदा येतो अन् मधलाच कापला जातो. तुकडे जोडून शिवलेलं गाव नको माले."

शेवटी शेठनी खालच्या कप्प्यातून जुनं चौदा मिलिमीटरचं काढलं. "हे स्वस्त आहे आणि रुंदही. पण कोपरे पुसट येतात हां. आणि नाना, गाव तर पाण्यात आहे ना?"

"म्हणून तर रुंद पाहिजे. पाणी बी मावलं पाहिजे."

आखाजीच्या सकाळी नानांच्या हट्टाने आम्ही टेकडीवर चढलो. उंचावरून सगळं येईल, हा त्यांचा आयुष्यभराचा विश्वास. आणि आलंही सगळं. जोती, चिंचेचं खोड, धरणाचं पाणी, पाठीमागे सातपुडा, सगळं तिळाएवढं. रुंद भिंग दूरचं आणखी दूर लोटतं. गाव मावलं होतं आणि गावात कोणीच दिसत नव्हतं. नानांनी कॅमेरा डोळ्याशी नेला, बराच वेळ तसाच धरला.

"मेल्यावर वरून दिसत असेल ना, तसं दिसतंय," ते म्हणाले. "खाली चल."

खाली भिंती नव्हत्या, तरी सगळे दाराच्याच जागेतून आत जात होते. एक माहेरवाशीण चपला बाहेर काढून अनवाणी चिखलात शिरली. मी कॅमेरा नानांनी आपल्या उंबऱ्यावर ठेवलेल्या घागरीला जवळजवळ टेकवला. पुढे घागर, तिच्यावरचं खरबूज मोठं, आणि मागे गाव दोन्ही हात पसरून बसलेलं. बटण दाबणार तोच नाना उजवीकडच्या मोकळ्या चिखलाकडे वळून म्हणाले, "कडेचे, आत सरका."

तिथे कोणी नव्हतं. पण चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला. मी थापा मारतो हे बोदवडपासून धुळ्यापर्यंत जगजाहीर आहे. ही गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

फोटो मोठा छापून नानांकडे नेला आणि तिथे माझा धीर सुटला. त्यांच्या नळीएवढ्या नजरेत तो मावेना. त्यांना फक्त खरबूज दिसत होतं. मग मी फोटो त्यांच्या डोळ्यासमोरून हळूहळू सरकवत नेला, डाव्या काठापासून. "चावडी," नाना म्हणाले. "आबांची ओसरी. विहीर." बसल्या जागी त्यांचे पाय गल्लीतून चालल्यासारखे हलत होते. उजव्या कोपऱ्याशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब भो. आठे कोण उभं शे?"

"कोणी नाही नाना. स्वस्त भिंगाचा कोपरा आहे, पुसट आलाय."

"अक्का शे," ते म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, गाव उठायच्या आधीच वारलेली. "उंबऱ्यावर घागर ठेवली की ती अशीच बाजूला उभी राहायची. आता बठ्ठं मावलं." माझे हात भरून आले तरी त्यांनी फोटो पुढे सरकवू दिला नाही.

पावसाळ्याआधी नाना गेले. तो फोटो मढवायला नेला तेव्हा चौकटवाला म्हणाला, "उजवा कोपरा खराब आहे. इंचभर कापला तर छान दिसेल."

"कापू नको," मी म्हणालो. "तिथे माणूस आहे."

त्याने फोटो उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं, आणि कात्री खाली ठेवली.