वाटीभर जवळ्याचं तारण

आमच्या मासेवाल्या मावशींना उद्या साक्षात गणपतीने दर्शन दिलं, तर त्या आधी त्याचा उंदीर तारण ठेवून घेतील आणि मगच वर मागतील. नुसत्या शब्दाला काय चाटायचंय, वस्तू ठेवली तर व्यवहार, असा त्यांचा बाणा. नातवाच्या बारशाला नक्की येतो म्हणालो, तर माझी छत्री काढून घेतली. बारशाला जाऊन जेवलो तेव्हाच ती सुटली. वॉचमनला बांगडे उधार दिले तेव्हा त्याची शिट्टी नेली, आणि त्याचा पगार होईपर्यंत आमच्या सोसायटीत गाड्या वाट्टेल तशा लागल्या. बायकोला घरचा मसाला दिला, तर त्या डब्याच्या बदल्यात आमचं चहाचं गाळणं उचललं. वर गोड हसून म्हणाल्या, "वयनी, तुमच्यावर भरोसा हाय, पन गालनं ऱ्हाऊ द्या."

हा रोग त्यांना पतपेढीतून लागला. मावशी करावे गावच्या. सकाळी आमच्या सीवूड्सच्या इमारतींत दारोदार मासे विकायच्या, संध्याकाळी रस्त्याकडेला बसायच्या. पालिकेची गाडी दिसली की पाटी डोक्यावर घेऊन अशा धावायच्या की गाडीच मागे पडायची. मार्केटात एक गाळा मिळत होता, अनामत भरायची होती आणि मावशींकडे होता फक्त बारीक कोळंबीचा सुका जवळा, उन्हाळ्यात स्वस्तात घेऊन पावसाळ्यात विकायला घरामागच्या खोलीत पोत्यांनी रचलेला. पतपेढी म्हणाली, चालेल, तोच तारण ठेवा. पाहणीला आलेले साहेब साताऱ्याकडचे, पक्के शाकाहारी. पोत्यांत जवळाच आहे याची खात्री त्यांनी अंगणातूनच करून घेतली, नाकाला रुमाल लावून खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली घेऊन पळतच सुटले. मालाला कुणी हात लावला तर कर्ज लगेच परत, म्हणजे गाळाही गेला.

आणि नेमकी त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिला डोहाळे लागले जवळ्याचे, तेही आईच्याच जवळ्याचे! बाजारातला आणला, तर तिने तोंड फिरवलं. मावशी खिडकीतून आपल्याच पोत्यांकडे बघत बसायच्या. त्या खिडकीचा गज ढिला आहे हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, जावई तर "हात घालू का?" म्हणून रोज विचारायचा. "टालं लावलंय ना? मंग टालं हाय!" म्हणून मावशींनी त्याला हाकललं आणि तडक पतपेढीत जाऊन कानांतली सोन्याची फुलं साहेबांच्या टेबलावर ठेवली. "ही घ्या नि मना वाटीभर जवला द्या."

साहेब विरघळले. म्हणाले, "मावशी, फुलं राहू द्या. चला, तसाच देतो."

"नाय. आज तुमी असाच द्याल, उद्या मी खिडकीतून घेन."

साहेबांनी फुलांची पावती केली आणि स्वतः येऊन कुलूप उघडलं. वाटी भरताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मावशी म्हणतात, साहेब रडले. साहेब म्हणतात, वास.

पावसाळ्यात साहेबांनी कुलूप काढून दिलं, जवळा चढ्या भावाने गेला, कर्ज फिटलं, फुलं कानांत परतली आणि गाळाही कायमचा मावशींचा झाला. आता पालिकेची गाडी गेली तर त्या खुर्चीत बसूनच तिला हात करतात. मला मनापासून आनंद झाला. फक्त त्या आता आमचा जिना चढत नाहीत, आणि सकाळी बेल वाजली नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं. आमचं गाळणं त्यांच्या तराजूवरच्या खिळ्याला लटकतंय. जावं तेव्हा ते दाखवून म्हणतात, "डबा आना नि तुमची वस्तू सोडवून न्या." डबा आमच्याकडे कधीचा घासूनपुसून तयार आहे. दर रविवारी बायको पिशवी घेते, डब्याकडे बघते आणि म्हणते, "राहू दे, पुढच्या वेळी नेऊ." नवं गाळणं आणायचं मीही नाव काढत नाही. आम्ही अजून चहा फडक्यानेच गाळतो.